यंदा नीलपंखानं उशीर केला

आमच्या आदिलाबादेत थंडीला निरोप द्यायचे दोन मुहूर्त आहेत. तेलुगू शेजारी म्हणतात, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. आपण मराठी माणसं तिला आणखी पंधरा दिवसांची सवलत देतो: होळी जळाली, थंडी पळाली. एकाच गल्लीत दोन्ही म्हणी चालतात आणि बहुतेक वर्षी दोन्ही बाजूंना आपलंच खरं झाल्यासारखं वाटतं, कारण थंडी या दोन दिवसांच्या मधे कधीतरी गुपचूप सटकलेली असते. यंदा तिनं कुणालाच जुमानलं नाही. होळीला नैवेद्य दाखवून झाल्यावरही लोक घरी गेले नाहीत. हात शेकत तिथेच उभे राहिले.

हैदराबाद-पुण्याकडे स्थिरावलेल्या आपल्या घरांतल्या मुलांना आदिलाबाद माहीत असतं ते मे महिन्यातलं, म्हणजे चव्वेचाळीस अंशांचं. आजीच्या घरचा कूलर, आंबे, आणि ‘दुपारी बाहेर पडायचं नाही’ ही ताकीद. पण तेलंगणातल्या थंडीच्या बातम्या वाचून पाहा, त्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव हमखास सापडेल. भर हिवाळ्यात इथे पारा एक आकडी होतो. या दोन टोकांच्या मधे जे पाच-सहा आठवडे येतात तो आमचा वसंत. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा आहे, पण इथल्या वैशाखात पाखरंसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसतात. पाखरांचा वसंत माघ संपता संपता सुरू होतो आणि पाडव्याच्या आसपास उरकतही येतो.

तो कसा येतो हे मी काही वर्षांपासून एका साध्या रेघी वहीत लिहून ठेवतो. आधी तांबट बोलू लागतो. हा हिरवा, चिमणीएवढा पक्षी पिंपळात दिसत नाही, पण तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं त्याचं टुक-टुक-टुक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. मग शिंजीर कपडे बदलतो. हिवाळ्यात हा नर मळकट पिवळा असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी. ऊन वाढलं की तो जांभळा-काळा झळकू लागतो. मग पळस फुलतो. मग दयाळ, जो सगळा हिवाळा जवळपास मुका असतो, पहाटे तारेवर बसून गायला लागतो. मग कोकिळ. आणि अगदी शेवटी नीलपंखाची कोलांटी. दुसऱ्या बाजूनं हिवाळी पाहुणे निघायला लागतात: अंगणातला थिरथिऱ्या, तलावाकाठचा धोबी, पैनगंगेच्या वाळूवरचे चक्रवाक.

यंदा ही सगळी रांग जागच्या जागी थबकली. तांबट एक दिवस बोलायचा आणि दोन दिवस गप्प. परसातला शिंजीर कितीतरी दिवस अर्धा पिवळा, अर्धा जांभळा, ठिगळं लावलेल्या सदऱ्यासारखा हिंडत होता. थिरथिऱ्या तर जायचं नावच घेईना. रोज सकाळी धुणं वाळत घालायच्या दोरीवर येऊन शेपटी थरथरवत बसायचा आणि आमच्या घरी सौ. म्हणायची, ‘‘हा गेल्याशिवाय मी स्वेटर धुवायला काढणार नाही.’’ तिचं हवामान खातं ते.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. वसंत खरंच उशिरा आला, की सण लवकर आले? आपलं चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलले जातात. धुळवड २०२३ साली ७ मार्चला होती आणि २०२४ साली २५ मार्चला. अठरा दिवसांचा फरक. झाडं आणि पाखरं यांना अधिक महिना माहीत नाही. त्यांच्या शरीरातलं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं, आणि दिवस सूर्याच्या हिशेबानं वाढतो. त्यामुळे होळी लवकर आलेल्या वर्षी ‘अजून पळस कसा नाही फुलला’ असं म्हणणारे निम्मे लोक पंचांगाला फसलेले असतात.

आमच्याकडे याचा पुरावा पाडव्याला ताटात येतो. आदिलाबादच्या मराठी घरांत त्या दिवशी दोन्ही गोष्टी असतात: आपली गूळ घातलेली कडुनिंबाची चटणी आणि शेजारून आलेली उगादी पच्चडी. चटणीला कोवळा पाला चालतो, पच्चडीला मात्र कडुनिंबाची फुलंच लागतात. पाडवा मार्चमध्येच आला की फुलांसाठी धावाधाव होते. यंदा शेजारच्या अक्का आमच्या भाचीला घेऊन तीन गल्ल्या फिरल्या, तेव्हा एका झाडावर वाटीभर मोहोर मिळाला.

म्हणून मी वहीत तिथी आणि तारीख दोन्ही लिहितो. सण लवकर आल्याचा हिशेब वजा केला तरी यंदा बहुतेक गोष्टी दीड-दोन आठवडे मागे होत्या. दिवसाची लांबी पाखराला तयार करते, पण नेमका मुहूर्त ठरतो तो ऊब आणि खाणं यांवर. पहाटे गारठा राहिला की किडे उशिरा हलतात, आणि किडे नसले की गाणं, घरटं, पिल्लं, सगळंच लांबतं. एका माणसाच्या वहीवरून हवामानाचा निकाल लावायचा नसतो, हे मला मान्य आहे. पण वहीच नसेल तर ‘यंदा उशीर झाला’ हे वाक्य चहाच्या टपरीवरच्या गप्पांपलीकडे जात नाही.

पळसाचंच बघा. गुडिहत्नूरहून उटनूरकडे जाणारा रस्ता फाल्गुनात पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा. सागाचं जंगल पानगळीनं उघडं पडलेलं असतं आणि मधे मधे पळस, ज्याला इथे सगळे मोदुगु म्हणतात, पेटल्यासारखे उभे असतात. फुलांवर गर्दी असते: मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट, आणि भोरडीचे थवे. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ती आपल्याकडे येऊ लागते आणि एप्रिलमध्ये मध्य आशियातल्या गवताळ मैदानांकडे परत जाते, कारण तिथे नाकतोड्यांच्या हंगामात तिला पिल्लं वाढवायची असतात. काही लोक तिला पळसमैना म्हणतात ते उगाच नाही.

पण ही गर्दी बहुतांशी जेवून जाणारी. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली पळसाच्या परागीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुलांवर आठ जातींचे पक्षी येतात, पण परागीकरणाचं काम त्यांतला एकच नीट करतो, असं त्यांना आढळलं: आपला शिंजीर. त्याच्या जोडीला खार. वाकड्या चोचीच्या त्या फुलात शिंजिराची वाकडी चोच बरोबर जिथे बसायला हवी तिथे बसते. म्हणजे एवढा डोंगर पेटवणारं झाड बोटभर पक्ष्याच्या भरवशावर उभं आहे. झाड आणि पक्षी दोघेही सारखेच उशिरा आले तर बिघडत नाही. एक उशिरा आला आणि दुसरा वेळेवर, तर बिघडतं. यंदा दोघं बरोबर होते. पळस मागे राहिला तसा शिंजिराचा सदराही मागे राहिला. अडचण झाली ती माणसांची. होळीच्या रंगासाठी फुलं आणायला गेलेली पोरं अर्ध्या पिशव्या घेऊन परत आली.

आता नीलपंखाकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

माझी भाची सातवीत आहे. ताई-दाजींची शेती बेला मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. ती शाळेसाठी आमच्याकडे राहते. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी तेलुगू, घरात मराठी. आम्ही मोटारसायकलवरून शेताकडे जात असलो की मागून आवाज येतो, ‘‘मामा, पालपिट्ट!’’ मी म्हणतो, ‘‘नीलपंख.’’ ती म्हणते, ‘‘तेच की.’’ तारेवर बसलेला असतो तेव्हा हा पक्षी अगदी सामान्य दिसतो, मातकट तपकिरी, मोठ्या डोक्याचा, मान आखडलेला. मग खाली एखादा नाकतोडा हलतो, हा पंख उघडतो, आणि गडद निळ्याच्या शेजारी फिका निळा असे पट्टे उन्हात उलगडतात. ह्या निळ्यात रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो.

तेलंगणाचा हा राज्यपक्षी, २०१४ मध्ये राज्य झालं त्याच वर्षी जाहीर झालेला. कर्नाटक आणि ओडिशाचाही तोच. पूर्वी आंध्र प्रदेशाचाही होता, मग २०१८ मध्ये त्यांनी रामचिलुक म्हणजे आपला पोपट निवडला. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर. पैनगंगेच्या काठावर एखाद्या उंबरात हरियाल आणि शेजारच्या खांबावर पालपिट्ट असं दृश्य दिसतं तेव्हा भाची म्हणते, ‘‘दोन राज्यांची मीटिंग चाललीये.’’

दसऱ्याला तो दिसणं शुभ, हे इकडेही आणि विदर्भातही मानतात. माझ्या लहानपणी त्यासाठी माणसं शिवाराकडे चालत जायची. आता शहरांत काही लोक पक्षी पकडून, पंख बांधून पिंजऱ्यात घेऊन येतात आणि पैसे घेऊन दर्शन घडवतात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पुष्कळ पक्षी त्यात मरतात किंवा कायमचे अधू होतात. हैदराबादेतल्या मंडळींनो, असं दर्शन घरातल्या वडीलधाऱ्यांनी घेऊ नये एवढं तुम्ही पोरंच सांगू शकता. आमचं कुणी ऐकत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरातल्या तीस हजारांवर हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून ९४२ जातींचा हिशेब त्यात मांडलाय. त्यातल्या १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं त्यात म्हटलंय. आणि साध्या, रोज दिसणाऱ्या ज्या काही पक्ष्यांच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस आहे, त्यांत भारतीय नीलपंख आहे. बारा-पंधरा वर्षांत त्याची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली असा अंदाज. गंमत अशी की तो अजूनही दिसतो. दर खांबावर होता तो आता चौथ्या खांबावर आहे, एवढंच. आणि चौथ्या खांबावर दिसला की माणूस ‘आहे की’ म्हणून पुढे जातो.

त्याची कोलांटी ही वसंताची शेवटची सही. नर सरळ वर चढत जातो, पंख आपटत, कर्कश ओरडत. मग उंचावर थबकतो आणि नाकाच्या शेंड्यावर खाली कोसळतो, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे अंग टाकत, निळे पट्टे फिरवत. जमिनीपासून थोड्या अंतरावर सावरतो आणि पुन्हा वर. खाली तारेवर मादी, बहुतेक वेळा दुसरीकडेच बघत. माझ्या वहीत ही कोलांटी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. यंदा महिना संपत आला तरी पत्ता नव्हता. नीलपंख होते, पण पऱ्हाटी उपटून पेटवलेल्या ढिगांभोवती. आगीमुळे पळणारे किडे टिपायला ते तिथे जमतातच. धुरात बसायचे, एखादा भुंगेरा उचलायचे, पुन्हा मान आखडून बसायचे. दाजी म्हणाले, ‘‘औंदा पाखराले बी आळस चढला.’’ २८ मार्चला सकाळी आठच्या सुमारास भाचीनं माझ्या पाठीवर थाप मारली. आम्ही गाडी थांबवली. दोन कोलांट्या पाहिल्या, तिसरी पाहीपर्यंत शाळेला उशीर झाला.

ज्यांना असं काही आपल्याकडे सुरू करायचंय त्यांच्यासाठी थोडं. महागडा कॅमेरा लागत नाही. आठ बाय बेचाळीसची एक दुर्बीण घरात असली की पुरते, तीही नसली तरी कानांवर भागतं. सुट्टीत आदिलाबादला आलात तर गावाजवळ मावल्याचा आणि खानापूरचा तलाव आहे. पुढे सात्नाला आणि मत्तडीवागूची धरणं, आणि नागपूर रस्त्यावर डोल्लाऱ्याजवळ पैनगंगेचं पात्र. मे महिन्यात जायचं तर साडेपाचला निघा, साडेआठला परत या. नोंदी ई-बर्डवर टाकता येतात, आणि दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. झाडांसाठी सीझनवॉच आहे: एकच झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फूल, फळ एवढंच लिहायचं. कोकणात, हैदराबादेत, कुठेही.

आमचा भाग नोंदींच्या बाबतीत अगदीच कोरा होता असं नाही. आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३१-३२ मध्ये, तरुण सलीम अलींनी या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. ती त्यांची पहिली मोठी प्रादेशिक पाहणी. अडचण मधल्या वर्षांची आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणता पक्षी कधी येतो हे तोंडपाठ होतं, पण लिहिलं कुणी नाही.

नावांचंही तसंच. मारुती चितमपल्ली विदर्भातल्या जंगलांत वनाधिकारी होते. आदिवासींकडून, पारध्यांकडून, गावकऱ्यांकडून पक्ष्यांची नावं वेचत त्यांनी ‘पक्षिकोश’ केला. आमच्या भाचीनं वहीच्या मागच्या पानांवर तसाच एक छोटा कोश चालवलाय, तीन रकाने पाडून. मोर, नेमली. पोपट, रामचिलुक. मोह, इप्प. तिला सगळ्यात आवडली ती टिटवी, कारण तिचं तेलुगू नाव तीतुवु. दोन भाषांनी एकच ओरडणं ऐकलं आणि आपापल्या कानानं लिहून घेतलं. आणि दोन्हीकडे ती ओरडली की म्हाताऱ्या बायका ‘काहीतरी वाईट होणार’ म्हणतात, हेही सारखंच. तिसऱ्या रकान्यासाठी तिनं शाळेतल्या एका गोंड मैत्रिणीला कामाला लावलंय.

उशीर झाला तर एवढं काय बिघडतं, असं दाजींनी विचारलं होतं. त्यांच्या शेतातच उत्तर उभं होतं. धुऱ्यावर एक वठलेला गावरान आंबा आहे, मोटारीच्या खोलीला लागून. त्याच्या खोडात वर एक ढोली आहे. नीलपंखाला सुतारासारखं खोड कोरता येत नाही, त्याला तयार ढोलीच लागते, आणि तशा ढोल्या बऱ्याचदा वठलेल्या झाडांत असतात. पूर्वी धुऱ्यावर अशी तीन-चार झाडं होती. आता हे एक. अक्षय्य तृतीया झाली की करवतवाल्याला बोलवायचं आणि नांगरटीआधी धुरा मोकळा करायचा, असं दाजींनी हिवाळ्यातच ठरवलं होतं.

एरवी त्यात फारसं बिघडलं नसतं. वेळेवर कोलांटी झाली की एप्रिलच्या सुरुवातीला अंडी येतात, तीन ते पाच. सतरा-अठरा दिवस उबवणी, मग महिनाभर पिल्लं ढोलीत. मे संपायच्या आत सगळं उडून गेलेलं असतं आणि झाड रिकामं. यंदाच्या हिशेबानं पिल्लं जूनपर्यंत आत राहणार. दाजींचा करवतवाला बरोबर त्यांच्यावर आला असता.

भाचीनं हे गणित वहीच्या पानावर मांडून वडिलांना दाखवलं. दाजींनी चष्मा लावून वाचलं. मग माझ्याकडे वळले. ‘‘पाखरासाठी झाड ठेवू, अन् ते फांदी मोटारीवर पडली तं तू भरून देशीन का?’’ प्रश्न रास्त होता. कापसाला यंदा काय भाव मिळाला ते मला माहीत आहे आणि नवी मोटार काय पडते तेही. ताई मधे पडली. खोलीवर झुकलेली फांदी तेवढी लगेच उतरवायची, ढोली असलेलं खोड मृग लागल्यावर बघायचं. ७ जूनला मृग. पिल्लं तेव्हाही आत असली तर? ‘‘तवाचं तवा पाहू,’’ असं दाजी म्हणाले, आणि दाजींच्या बोलण्यात याचा अर्थ बराच चांगला असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी फांदी उतरली. त्या दिवशी दोन्ही पक्षी पलीकडच्या खांबावर बसून होते, आणि संध्याकाळी मादी ढोलीच्या तोंडाशी येऊन आत डोकावून गेली.

आमच्या अंगणातला थिरथिऱ्या त्याच आठवड्यात गेला. सौ.नं स्वेटर धुतले.

परवा रात्री दाजींचा फोन आला. एरवी ते फोनवर पाण्याचं आणि लाइटीचं बोलतात. या खेपेला आधी भाचीला बोलावून घेतलं. ‘‘तुहं पाखरू आज कावळ्याले हाणून राह्यलं होतं,’’ म्हणाले, ‘‘पार नाल्यापर्यंत नेऊन सोडलं त्याले.’’ तिनं आधी किती वाजता ते विचारलं, मग पेन शोधायला धावली.